तीन मळ्यांची कॉफी

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग सोडून आणखीही काही तयार होते, हे ऐकून लोकांना नवल वाटे. आणि ते आणखी काही म्हणजे लसणाची, जवसाची नि शेंगदाण्याची चटणी, हे कळल्यावर ते हसत. हरिहररावांना त्या हसण्याचे काही वाटत नसे. खराबवाडीच्या त्या कंपनीत ते गेली सव्वीस वर्षे चव घेत होते. चव घेणे हीच त्यांची नोकरी होती. रोज सकाळी अकरा वाजता पाच जणांचे पॅनल एका बंद खोलीत बसे. प्रत्येक घाण्याचा नमुना जिभेवर घोळवी, थुंकून टाकी, कोमट पाण्याने चूळ भरी आणि कागदावर आपला शेरा लिही. त्या पॅनलचे प्रमुख हरिहरराव होते. त्यांची सही झाल्यावाचून चटणीची एक बरणीसुद्धा फाटकाबाहेर पडत नसे.

गेल्या महिन्यात मात्र विपरीत घडले. शेंगदाण्याच्या चटणीच्या एका घाण्याला चौघांनी ‘खवट’ असा शेरा दिला आणि पाचव्याने ‘उत्तम’ असा. पाचवे हरिहरराव होते. बहुमताने घाणा अडला, बरण्या जागच्या जागी राहिल्या, कंपनीची अब्रू वाचली. एरवी त्या खोलीत एका चुकार शेऱ्यावरून अर्धा अर्धा तास खल चाले, आणि तो बहुधा हरिहररावच चालवीत. त्या दिवशी चौघांनी आपापल्या पेनांना टोपणे लावली नि मुकाट्याने खुर्च्या मागे सारल्या. तो खुर्च्यांचा आवाज त्यांच्या उरावर बसला होता.

पॅनलवरच्या प्रत्येकाची वर्षातून एकदा फेरपरीक्षा होई. हरिहररावांची यंदाची परीक्षा येत्या शनिवारी होती. निवृत्तीला दोन वर्षे राहिली होती. नापास झालेला माणूस त्याच पगारावर कागदपत्रांच्या खात्यात जाई. म्हणजे उपाशी मरण्याची भीती नव्हती. भीती निराळीच होती. ज्या जिभेच्या भरवशावर आपण सव्वीस वर्षे लोकांच्या चुका काढल्या, ती जीभ अजून आपल्या तोंडात आहे की नाही, हेच त्यांना कळेनासे झाले होते.

घरच्या घरी त्यांनी परीक्षा घेऊन पाहिली नव्हती असे नाही. रावेतच्या आपल्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरात कोणी नाही असे पाहून, त्यांनी हिंगाची डबी उघडून हुंगली, ओवा चावला, कापूर नाकाशी धरला. सगळे आले. परंतु समाधान होईना. डबी हिंगाची आहे हे हाताला आधीच ठाऊक होते. ओळखीच्या पदार्थाला जीभ लागतच नाही, आठवणच चव पुरवते. आमटीचा घास तोंडात जाण्यापूर्वी माणूस आमटी जेवून चुकलेला असतो. त्यांना असा पदार्थ हवा होता की ज्याची आठवण आपल्यापाशी नाही, ज्याच्या प्रकारांत फरक आहे पण बारीक आहे, आणि तो फरक दुसऱ्या कोणीतरी आधीच लिहून ठेवलेला आहे.

असा पदार्थ त्यांना घरातच सापडला. मुलगा अनिश बंगळूरला नोकरीला गेला तेव्हा आपले एस्प्रेसोचे यंत्र आणि दळणी मागे ठेवून गेला होता. त्यावर कापड पांघरलेले होते.

“बाबा, सिंगल ओरिजिन म्हणजे एकाच मळ्यातली कॉफी,” अनिशने फोनवर सांगितले. “मिसळलेली नाही. प्रत्येक मळ्याची चव वेगळी लागते.”

“वेगळी लागते, की वेगळी छापलेली असते?”

“तुम्ही आधी पिऊन बघा, मग भांडा.”

“पिऊन बघितल्यावर भांडायला उरतं काय?”

अनिश हसला. परंतु हरिहररावांनी तीन मळ्यांच्या बियांची प्रत्येकी अर्धा किलोची पाकिटे मागवल्याचे कळताच तो म्हणाला, “दीड किलो? बाबा, घरात लग्न काढलंय का कोणाचं?”

“अभ्यास करतोय,” हरिहरराव म्हणाले आणि फोन ठेवला.

पाकिटे आली. चिकमगळूरच्या पाकिटावर ‘संत्रे’ असे छापले होते, कुर्गच्या पाकिटावर ‘गूळ’, आणि अराकूच्या पाकिटावर ‘गूळ आणि पिकलेला फणस’. हरिहररावांनी बुधवारी रजा टाकली; गुरुवारी कारखान्याला साप्ताहिक सुट्टीच होती; शुक्रवारी पुन्हा रजा. त्यांची पत्नी मृदुला चिंचवडच्या एका शाळेत गणित शिकवीत असे; मे महिना असल्यामुळे तीही घरीच होती. आपल्याला अचानक कॉफीचे वेड का लागले, याचे खरे कारण त्यांनी तिला सांगितले. मात्र चटणीची गोष्ट सांगताना चौघांचे ‘तिघे’ केले.

बुधवारची सकाळ यंत्राशी झटण्यात गेली. अठरा ग्रॅम कॉफी दळायची, जाळीत दाबून बसवायची, आणि अठ्ठावीस सेकंदांत तिच्यातून छत्तीस ग्रॅम एस्प्रेसो काढायचा, असा हिशेब होता. पहिली धार नऊ सेकंदांत भसकन खाली आली. दळण बारीक केले तर यंत्र नुसते घरघरले आणि थेंब पडेना. तीन मळ्यांच्या बिया तीन स्वभावांच्या निघाल्या. एकीला जमलेले दळण दुसरीला मुळीच मानवेना. हरिहररावांनी चव न घेता, केवळ घड्याळ आणि काटा पाहून, प्रत्येकीचा आकडा पक्का केला: दळणीवर संत्र्याला चार, गुळाला सहा, फणसाला साडेपाच.

“अहो, हे कॉफीचं वजन चाललंय की सोन्याचं?” मृदुला म्हणाली.

“सोनं अर्धा ग्रॅम कमी भरलं तरी सोनंच राहतं.”

“बरं. मी शाळेतल्या प्रयोगशाळेला नावं ठेवत होते. आता ओट्यावरच उघडली.”

तासाभरात ती ते यंत्र त्यांच्याहून सफाईने चालवू लागली, आणि ते आवश्यकच होते. कारण कोणत्या पेल्यात काय आहे हे हरिहररावांना कळता कामा नये. कंपनीत या परीक्षेला त्रिकोण म्हणत. तीन पेले मांडायचे. दोहोंत एकच माल, तिसऱ्यात निराळा. निराळा कोणता तेवढे सांगायचे. न चाखता बोट ठेवले तरी तिनांतून एकदा उत्तर बरोबर येते, म्हणून सहा फेऱ्यांत दोन बरोबर आले तर त्याला काही किंमत नसते. सहांत पाच आले तर माणूस पॅनलवर राहतो.

ते खुर्चीत बसले, डोळ्यांवर नॅपकिन बांधला. मृदुला कॉफी काढी, पेले कोमट होईपर्यंत थांबे, त्यांच्यापुढे मांडी आणि “पहिला, दुसरा, तिसरा” म्हणत चमचा त्यांच्या हाती देई. ते सुर्र करून घोट ओढीत, थुंकीत, चूळ भरीत. पहिल्या फेरीत तिन्ही पेले सारखे होते. कडू, जाड, थोडेसे आंबट. पुन्हा कडू, जाड, थोडेसे आंबट. त्यांनी ‘दुसरा’ म्हटले, ते ज्या आवाजात म्हटले तो त्यांना स्वतःलाच परका वाटला.

सहा फेऱ्या संपल्या. नॅपकिन सोडून त्यांनी विचारले, “किती?”

“एक.”

“सहांत?”

“सहांत एक. नुसता फासा टाकला असता तरी दोन...” मृदुलाने जीभ चावली. “अहो, पहिलाच दिवस आहे. कॉफीची सवय कुठे आहे तुम्हाला?”

सवय नसावी म्हणूनच कॉफी निवडली होती. हे त्यांनी तिला ऐकवले नाही. एरवी ऐकवले असते, आणि पुढे तीन मुद्देही मांडले असते. त्या दिवशी वाद घालण्याइतकेही बळ त्यांच्यात राहिले नाही, आणि हे मृदुलाच्या ध्यानात आले.

गुरुवारी सकाळी पुन्हा सहा फेऱ्या झाल्या. पेले तसेच लागले. उत्तरे त्यांनी चाचपडत दिली. नॅपकिन सोडला तेव्हा मृदुला हसत होती.

“सहा.”

“काय?”

“सहापैकी सहा! उगाच जिवाला घोर लावून घेता तुम्ही.”

हरिहररावांच्या अंगातून काहीतरी जड उतरले. ते उठले, बसले, पुन्हा उठले. शनिवारी संध्याकाळी बाहेर जेवायचे, असे त्यांनी जाहीर केले. मग सव्वीस वर्षांच्या सवयीने म्हणाले, “उत्तरांचा कागद दे. वहीत चिकटवून ठेवतो.”

तिने कागद दिला. कोणत्या फेरीत निराळा पेला कितवा, हे त्यावर सुबक अक्षरात लिहिलेले होते. हरिहररावांनी तो उजेडात धरला. ओट्यावर सकाळपासून, फेरीला दोनदा अशी, बारा वेळा कॉफी काढली गेली होती. चमच्यांवर, फडक्यावर, फरशीवर, मृदुलाच्या बाहीवर तपकिरी शिंतोडे होते. कागदावर एकही नव्हता.

“हे कधी लिहिलंस?”

“म्हणजे काय? मांडतानाच.”

“मृदुला.”

ती फडक्याने ओटा पुसू लागली. त्यांनी कागद घडी करून टेबलावर ठेवला.

“खरे किती होते?”

“दोन.”

“दहावीच्या पोराला असे गुण दिले असतेस?”

“दिले असते. काठावरचा असता तर.”

“मी काठावर आहे?”

“अहो, दोन वर्षं राहिली आहेत. सव्वीस वर्षं केलंत ना बरोबर? मग दोन वर्षांनी काय जग बुडतंय?”

“आणि परवा कंपनीत कागद कोण लिहिणार? तिथेही येणार आहेस का?”

हे बोलणे त्यांना अभिप्रेत होते त्याहून कडवट झाले. मृदुला आतल्या खोलीत गेली. हरिहरराव ओट्यापाशी उभे राहिले. मन थाऱ्यावर नसले की ते काहीतरी उघडून साफ करीत. कधी पंखा, कधी कुलूप. आज समोर दळणी होती. त्यांनी तिचे चार स्क्रू काढले, वरचे पाते उचलले, आणि आत पाहताच थिजले.

पात्याखालच्या खोबणीत आणि कॉफी ज्या नळीतून बाहेर पडते त्या नळीत दळलेल्या कॉफीचा थर घट्ट बसला होता. त्यांनी तो ब्रशने झाडून काट्यावर घेतला. पाच ग्रॅम आणि आठ दशांश. काल आणि आज, प्रत्येक वेळी बिया बदलल्या तेव्हा आधीच्या मळ्याची एवढी कॉफी आत राहिली होती आणि पुढच्या पेल्यात उतरली होती. संत्र्यात गूळ, गुळात फणस, फणसात संत्रे. त्या तीन पेल्यांत तीन मळे नव्हतेच. एक खिचडी होती, ती तीनदा वाढली गेली होती.

आणि चूक कोणाची? घाणा बदलताना आधीचा माल पुरता झाडल्याशिवाय नवा लावू नये, ही पाटी कंपनीच्या प्रत्येक यंत्रावर होती, आणि ती हरिहररावांनी लावून घेतली होती. जवसानंतर लसूण लावताना यंत्र झाडले नाही म्हणून भिवा नावाच्या एका जुन्या कामगाराला त्यांनी चारचौघांत झाडले होते. “व्हय साहेब, चुकलं,” एवढेच म्हणून तो खाली मान घालून उभा राहिला होता. आज भिवा इथे असता तर काय म्हणाला असता, या विचाराने त्यांचे कान तापले. पण त्याच क्षणी आशेचा एक कोंब वर आला. चूक यंत्राची असेल, तर जिभेची नाही!

ही आशा निराशेहून वाईट निघाली. निराशेत निदान बसून राहता येत होते. आता त्यांना बसवेना. दुपारभर ते गॅलरीत येरझारा घालीत राहिले. खाली द्रुतगती मार्गाकडे जाणाऱ्या गाड्या मोजल्या, मोजलेल्या विसरले. संध्याकाळी चहा झाल्यावर त्यांनी मृदुलाला दळणीची गोष्ट सांगितली. तिने ती लक्षपूर्वक ऐकली.

“म्हणजे उद्या पुन्हा,” ती म्हणाली.

“उद्या शेवटचं. दर वेळी बिया बदलल्या की नव्या बियांच्या दहा ग्रॅम दळून फेकायच्या, मग मोजायच्या. आणि कागद आधी लिहून डब्यात टाकायचा.”

“शपथ घेऊ?”

“नको. डबा पुरे.”

तेवढ्यात फोन वाजला. सुजितचा होता. सुजित पॅनलवरचा सर्वांत तरुण. वडील पिंपरीच्या कारखान्यात लेथवर होते, आणि हा रसायनशास्त्र शिकून हरिहररावांच्या हाताखाली आला होता. चव कशी लिहावी हे त्याला हरिहररावांनी शिकवले होते, आणि त्यांच्याशी वाद कसा घालावा हे तो आपोआप शिकला होता.

“सर, नमस्कार. रजेवर आहात, डिस्टर्ब नाही ना केलं?”

“बोल.”

“शनिवारचे नमुने मीच मांडणार आहे, सर. म्हटलं आधी सांगावं.” तो थांबला. “खारट आणि आंबट, हे दोनच संच ठेवतोय. वासाचा राहू दे यंदा. नियमात बसतंय, तिनांतले कुठलेही दोन चालतात. तुम्ही टेन्शन घेऊ नका, राव.”

‘राव’ हा शब्द त्याच्या तोंडून निसटला होता. इतक्या वर्षांत त्याने तो हरिहररावांना उद्देशून कधी वापरला नव्हता.

“मी टेन्शन घेतलंय असं तुला कोणी सांगितलं?”

“तसं नाही, सर. गेल्या महिन्याची शीट मीच फाईल केली. म्हणून.”

हरिहररावांनी ‘तुझी मदत नको’ असे स्पष्ट म्हणायला हवे होते. ‘आभारी आहे’ असे म्हणण्याची लाज वाटली. शेवटी ते म्हणाले, “बघू,” आणि त्या एका शब्दाने रात्रभर त्यांना कुशीवरून कुशीवर वळवले.

शुक्रवारी सकाळी दळणी आरशासारखी लखलखीत होती. नऊ फेऱ्या ठरल्या: संत्रे आणि गूळ तीनदा, संत्रे आणि फणस तीनदा, गूळ आणि फणस तीनदा, कोणती केव्हा, ते मृदुलाने चिठ्ठ्या उचलून ठरवले आणि उत्तरांचा कागद आधी डब्यात टाकला. हरिहरराव नॅपकिन बांधून बसले. दळणी घुर्र करी, थांबे, पुन्हा घुर्र करी. कोणीतरी शेजारच्या खोलीत आपला निकाल दळत आहे, असे त्यांना वाटे.

पहिली फेरी. पहिला पेला, दुसरा पेला. तिसरा जिभेला लागताच ते खुर्चीत ताठ झाले. आंबट! लख्ख, धारदार, जिभेच्या कडांना झिणझिण्या आणणारा आंबटपणा. बाकी दोन पेल्यांत त्याचा मागमूस नव्हता.

“तिसरा!” ते म्हणाले. त्यात शंका नव्हती. गेल्या दीड महिन्यात प्रथमच त्यांच्या तोंडून शंका नसलेला शब्द निघाला होता.

दुसऱ्या फेरीत मात्र पुन्हा भिंत उभी राहिली. तिन्ही पेले गोडसर, जाड, कडू. त्यांनी तिसऱ्यांदा, चौथ्यांदा घोट घेतला. “पहिला,” ते म्हणाले, आणि पहिला का, हे त्यांना सांगता आले नसते. मग दोन लख्ख. मग एक भिंत. मग आणखी दोन लख्ख, एक भिंत, एक लख्ख. शेवटच्या चुळीनंतर त्यांनी नॅपकिन सोडला आणि टेबलाची कड धरली.

मृदुलाने डबा उघडला, दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि खुणा करीत गेली. “सहा बरोबर,” ती म्हणाली. “नवांत सहा. फाशाने तीन आले असते. अहो, हे चांगलं...” आणि ती थबकली. गणिताच्या बाईंची नजर बेरजेवर थांबत नाही. तिने पेन्सिल घेऊन कागदावर तीन रकाने आखले, उत्तरे त्यांत पुन्हा लिहिली, आणि लिहिता लिहिता तिचा चेहरा उतरत गेला.

“दाखव,” हरिहरराव म्हणाले.

ज्या सहा फेऱ्यांत संत्रे होते, त्या सहाही बरोबर होत्या. ज्या तिनांत गूळ आणि फणस समोरासमोर होते, त्या तिन्ही चुकल्या होत्या.

हरिहरराव तिन्ही रकान्यांवरून बोट फिरवीत गेले. मग हळूच उठले, फणसाच्या पाकिटाचे तोंड उघडले आणि त्यात नाक खुपसून दीर्घ श्वास घेतला. कॉफी होती. नुसती कॉफी.

“तुला वास येतोय?”

मृदुलाने मान डोलावली. “दारातून येतो. पाकीट आलं तेव्हापासून येतोय. बरक्या फणसाचा गरा ठेवलाय तसा.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्हीच म्हणालात, वासाबद्दल घरात चकार शब्द काढायचा नाही, नाहीतर परीक्षा बाटते.” तिने कागद उलटा ठेवला. “आणि दुसरं एक बोलले नाही. महिना झाला. दूध करपून भांड्याला धूर यायला लागला होता, तुम्ही शेजारी पेपर वाचत बसला होता. मी जिन्यातून वासाने धावत आले. तुम्ही वर बघून म्हणालात, काय झालं?”

हिंग, कापूर, ओवा! झोंबणाऱ्या, नाकात सुई टोचणाऱ्या वस्तूंवर त्यांनी आपली परीक्षा घेतली होती. आणि आंबट, खारट, कडू तर जिभेचेच. जीभ ठणठणीत होती. गेले होते ते नाक, आणि तेही सगळे नव्हे. बारीक वास तेवढे गुपचूप निघून गेले होते. खवट तेल जिभेला कळत नाही. ते नाकालाच कळते.

“डॉक्टरकडे जाऊ,” मृदुला म्हणाली. “आजच.”

“जाऊ. पण उद्याची परीक्षा...” ते थांबले. त्यांना हसू येईना आणि रडूही. “मृदुला, उद्या मी पास होणार आहे. खारट आणि आंबट. कोणाची मदत न घेता, सहापैकी सहा.”

“मग व्हा की! त्यात खोटं काय आहे?”

“खोटं काहीच नाही. तेच तर.”

“आणि खवट माल अडवायला बाकी चौघे आहेत.” ‘तिघे’ आणि ‘चौघे’ यांतला फरक तिला केव्हाच कळलेला होता.

“गेल्या महिन्यात अडवला त्यांनी. खुर्च्या मागे सारून गप्प उठले. पुढच्या महिन्यात त्यांतला एखादा लिहिण्याआधी माझ्या तोंडाकडे बघेल. तिसऱ्या महिन्यात दोघे बघतील. सुजितने तर बघायला सुरुवात केलीच आहे.” ते खुर्चीत बसले. “कोणाच्या तरी घरात पोळीबरोबर ती चटणी लहान पोर खाणार असतं.”

मृदुलाने वाद घातला नाही. तिने त्यांचा फोन उचलून त्यांच्यापुढे ठेवला आणि पेले विसळायला घेतले.

सुजितने पहिल्याच घंटेला उचलला. “बोला, सर.”

“सुजित, उद्या तिसरा संच ठेव. वासाचा.”

“सर, नियमात दोनच...”

“नियम मी लिहिलाय. अकरा वर्षांपूर्वी. परीक्षा लवकर आटोपून दुपारची बस गाठता यावी म्हणून ‘कुठलेही दोन’ असं लिहिलं. त्यात दुसरं काही शहाणपण नव्हतं.”

“सर, स्पष्ट बोलू का?” सुजितचा आवाज खाली आला. “नका करू. साहेब लोक लगेच कागदपत्रांच्या खात्यात हलवतील. नंतर बघू आपण. मी आहे ना, मी तुमच्या शेजारीच बसतो रोज.”

“म्हणून तर सांगतोय. तू माझ्या शेजारी बसून माझ्यासाठी हुंगणार, आणि सही मी करणार. मला हे शिकवायचं नव्हतं तुला.”

पलीकडे कारखान्याचा भोंगा वाजला आणि थांबला. हरिहररावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“शेंगदाण्याचं तेल घे,” ते म्हणाले. “एक ताजं, एक खवट. त्या घाण्यात होतं तेवढंच खवट, जास्त नको. त्रिकोण मांड. सहा फेऱ्या.”

“हो, सर.” कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. मग सुजितने अगदी कोरड्या, कामाच्या सुरात विचारले, “खोलीतला लाल दिवा लावू? खारट-आंबटाला आपण लावत नाही. पण खवट तेल थोडं काळपट दिसतं.”

हरिहररावांनी डोळे मिटले. लाल उजेडात रंगांतला फरक कळत नसे. पांढऱ्या उजेडात तो काळपटपणा आपल्याला पहिल्या नजरेत दिसेल, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आणि ते ठाऊक आहे हे सुजितलाही ठाऊक होते.

“लाव,” ते म्हणाले. “रंग दिसला, तर मी डोळ्यांनी पास होईन.”